स्पाइस लेयर केक आणि क्रीम चीज फ्रॉस्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रीम चीज फ्रॉस्टिंग थंडच ठेवावं लागतं, त्यामुळे त्याखालचा केकही फ्रिजमध्ये जातो. केक तेलाचा करायचा की बटरचा, मसाले किती घालायचे, केक आदल्या दिवशी भाजायचा का, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरवलं तर गोंधळ बराच कमी होतो. खालची उत्तरं त्याच नजरेतून लिहिली आहेत. सगळी मापं २० सेंमी व्यासाच्या केकसाठी आहेत. छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली.

साहित्य नेमकं किती घ्यायचं?

केकसाठी: मैदा ३०० ग्रॅम, ब्राऊन शुगर २८० ग्रॅम, वास नसलेलं तेल २०० मिली, अंडी ४, ताक २०० मिली, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला २ छोटे चमचे. मसाल्यांत दालचिनी पूड अडीच छोटे चमचे, सुंठ १, वेलची अर्धा, जायफळ अर्धा आणि लवंग पाव छोटा चमचा.

फ्रॉस्टिंगसाठी: क्रीम चीज ४५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम, आयसिंग शुगर ३५० ग्रॅम, व्हॅनिला २ छोटे चमचे, चिमूटभर मीठ.

एवढ्यात दोन जाड किंवा तीन पातळ थर होतात. मला तीन पातळ थर जास्त आवडतात, कारण प्रत्येक घासात केक आणि फ्रॉस्टिंग बरोबरीनं येतं. वजनकाटा असेल तर कप वापरूच नका. कपात मैदा दाबून भरला की सैल भरला, यावर वजन बरंच कमीजास्त होतं आणि केक कोरडा होण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे.

बटरची चव चांगली असते, मग तेल कशाला?

बटर फ्रिजमध्ये घट्ट होतं आणि त्याच्याबरोबर केकही घट्ट लागतो. तेल थंडीतही पातळ राहतं, म्हणून तेलाचा केक फ्रिजमधून काढल्यावरही मऊ असतो. बटरची चव फ्रॉस्टिंगमधून मिळतेच आहे. केकमध्येही ती हवीच असेल तर ५० मिली तेलाऐवजी तेवढंच वितळवलेलं बटर घाला, त्याहून जास्त नको.

एवढे मसाले घातले तरी केक फिका का लागतो?

याची कारणं तीन, आणि बहुतेक वेळा तिन्ही एकत्र असतात.

पहिलं कारण म्हणजे जुनी पूड. मसाल्याचा सुगंध त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. अख्खा मसाला ती तेलं बराच काळ धरून ठेवतो, पूड मात्र काही महिन्यांतच मंद पडते. डबी उघडल्यावर वास नाकापर्यंत आपोआप येत नसेल, तर तो केकमध्येही येणार नाही. जायफळ आयत्या वेळी किसा. लवंग आणि वेलची थोड्या साखरेबरोबर कुटली की बारीक होतात.

दुसरं, मसाला नुसता मैद्यात मिसळणं. सुगंधाची ही द्रव्यं पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगली उतरतात. म्हणून केकचं तेल अगदी मंद आचेवर कोमट करा, त्यात सगळे मसाले घाला, मिनिटभर हलवा आणि आच बंद करा. तेलातून धूर किंवा मसाल्याला करपट वास येता कामा नये. हे तेल पूर्ण गार झाल्यावरच अंड्यांत घाला. एवढ्या एका पायरीनं केकचा सुगंध इतका खुलतो की ती कधीही गाळू नये असं मी आग्रहानं सांगेन.

तिसरं कारण थंडी. गार पदार्थातून सुगंध कमी उडतो, त्यामुळे तोच केक गरम असताना ठसठशीत आणि थंड झाल्यावर मवाळ लागतो. वरून फ्रॉस्टिंगचा गोडवा आणि आंबटपणा आणखी काही चव झाकतो. म्हणून कच्च्या मिश्रणात मसाला जरासा जास्तच वाटला पाहिजे.

मग सगळेच मसाले वाढवले तर?

दालचिनी आणि सुंठ वाढवा, लवंगेला मात्र हात लावू नका. लवंगेतलं युजेनॉल दाताच्या औषधांतही वापरतात, त्यामुळे प्रमाण थोडं चुकलं तरी केकला दवाखान्याचा वास येतो आणि जीभ बधिर झाल्यासारखी होते. जायफळही जास्त झालं तर कडवट लागतं. चिमूटभर काळी मिरी घालून पाहा. ती ओळखू येत नाही, पण सुंठेची ऊब तिच्यामुळे वाढते.

दालचिनी कोणती घ्यावी?

जाड, कडक, एकाच सालीची गुंडाळी म्हणजे कॅशिया. पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडता येणारी ती सिलोन दालचिनी. कॅशिया तिखट आणि ठळक असते, सिलोन नाजूक. क्रीम चीजसमोर टिकायचं तर कॅशिया बरी. दोन्ही मिळत असतील तर केकमध्ये कॅशिया घाला आणि वरून भुरभुरायला सिलोन ठेवा. कॅशियात कूमरिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि रोज मोठ्या प्रमाणात ते यकृताला चांगलं नाही. अधूनमधून केक खाणाऱ्यानं मात्र त्याची चिंता करायचं कारण नाही.

ब्राऊन शुगरऐवजी पांढरी साखर चालेल का?

केक होईल, पण या केकचा अर्धा स्वभाव जाईल. ब्राऊन शुगरमधलं मोलॅसिस (साखर करताना उरणारा गडद, दाट पाक) ओलावा धरून ठेवतं, रंग देतं आणि मसाल्यांना साजेशी खमंग, किंचित कडसर चव आणतं. पांढरीच साखर असेल तर २८० ग्रॅम साखरेत २ मोठे चमचे मोलॅसिस चोळून घ्या.

ताक पातळ असतं, मग केकसाठी कोणतं घ्यावं?

केकच्या पाककृतीत ताक लिहिलेलं असतं तेव्हा दाट, आंबूस ताक अपेक्षित असतं. १५० ग्रॅम घट्ट दही आणि ५० मिली पाणी फेटलं की हवं तसं ताक होतं. दुधात लिंबू पिळूनही काम भागतं, पण त्यात दह्याची गुळगुळीत दाटी येत नाही. फार आंबट, शिळं दही घेऊ नका, त्याची चव दालचिनीतूनही वर येते.

सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही का?

सोड्याला आम्ल लागतं. ते ताकातून आणि थोडंफार ब्राऊन शुगरमधून मिळतं. साधारण एक कप ताकाला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त घातला तर उरलेला सोडा साबणासारखी चव देतो. पण तेवढ्या सोड्यानं हा जड केक पुरेसा फुगत नाही, म्हणून उरलेलं काम बेकिंग पावडरकडे. आम्ल तिच्यात आधीच मिसळलेलं असतं. डबा बरेच दिवस उघडा असेल तर छोटा चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. लगेच जोरात फेसाळली नाही तर नवी आणा.

अंड्याशिवाय करता येईल का?

येईल, आणि मसाल्याच्या केकमध्ये अंड्याची उणीव साध्या व्हॅनिला केकपेक्षा कमी जाणवते. अंडी आणि ताक दोन्ही काढून टाका आणि त्याऐवजी ३८० ते ४०० ग्रॅम ताजं दही घ्या. तेल १८० मिली, साखर २५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे आणि सोडा पाऊण छोटा चमचा. हे थर किंचित बुटके आणि थोडे ठिसूळ होतात, म्हणून आडवे कापण्याच्या भानगडीत न पडता मिश्रण तीन टिनांत वाटून भाजा. उचलण्याआधी थर नीट गार होऊ द्या.

बेकिंग पावडरचा जन्मही अशाच एका गरजेतून झाला. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी दोन्ही चालत नव्हती. १८४३ मध्ये त्यानं यीस्टशिवाय फुगणाऱ्या पावासाठी ही पावडर तयार केली. अंड्याविना कस्टर्डची पावडर त्यानं त्याआधीच तिच्यासाठी बनवली होती.

मिश्रण किती फेटायचं?

अंडी आणि साखर भरपूर फेटा, ३ ते ४ मिनिटं, रंग फिका होईपर्यंत. मग तेल बारीक धारेनं घाला. मैदा घातल्यावर मात्र हात आवरा. मैदा आणि ताक दोन-तीन हप्त्यांत आलटून पालटून घाला आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. मैदा ओला झाल्यावर जितकं जास्त ढवळाल तितकं ग्लूटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, तयार होतं आणि केक चिवट होतो. अंडी आणि ताक फ्रिजमधून तासभर आधी काढून ठेवा, म्हणजे मिश्रण एकजीव होतं.

तापमान किती, आणि केक झाला हे कसं ओळखायचं?

१७५ अंश सेल्सिअस, मधला कप्पा. पंख्याचा ओव्हन असेल तर १५ ते २० अंश कमी. दोन टिनांत वाटलं असेल तर ३० ते ३५ मिनिटं, तीन टिनांत २२ ते २६. ओव्हनची तबकडी दाखवते ते तापमान आत असेलच असं नाही, त्यामुळे ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला तर तो खर्च सार्थकी लागतो.

हा केक मुळातच तपकिरी असतो, म्हणून रंगावर जाऊ नका. मधोमध बोटानं हलकं दाबल्यावर खळगा भरून आला, कडा टिनपासून सुटू लागल्या आणि काडी एखाददुसऱ्या ओलसर कणासह बाहेर आली की केक झाला. काडी एकदम कोरडी ठणठणीत येण्याची वाट पाहिलीत तर केक जास्त भाजला जातो. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश.

केक मध्ये डोंगरासारखा फुगतो किंवा खचतो, असं का?

फुगणं निरुपद्रवी आहे. कडा टिनला टेकलेल्या असल्यानं आधी शिजून स्थिर होतात, मधला भाग उशिरापर्यंत वाढत राहतो. टिनभोवती ओल्या कापडाची पट्टी गुंडाळली की कडा सावकाश शिजतात आणि केक सपाट होतो. तरीही फुगलाच तर पूर्ण गार झाल्यावर करवतीसारख्या दात्यांच्या सुरीनं वरचा भाग कापून टाका.

खचणं मात्र काहीतरी चुकल्याची खूण आहे. सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त पडली असेल, पहिल्या २० मिनिटांत ओव्हनचं दार उघडलं गेलं असेल किंवा केक कच्चाच बाहेर आला असेल. मोजमाप बरोबर असूनही वारंवार खचत असेल तर ओव्हन दाखवतो त्यापेक्षा थंड आहे का, ते आधी तपासा.

माझं फ्रॉस्टिंग दर वेळी पातळ होतं. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्यावर केला जाणारा उपाय बहुधा उलटा असतो. फ्रॉस्टिंग पातळ दिसलं की हात आणखी साखरेकडे जातो. पण क्रीम चीजमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते पाणी प्रथिनं आणि स्निग्धांशाच्या जाळ्यात अडकलेलं असतं, म्हणून वडी घट्ट दिसते. साखर हे पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळून पाक होते. त्यात बीटर जोरात फिरवला की जाळंही तुटतं आणि उरलेलं पाणी मोकळं होतं. म्हणजे जास्त साखर आणि जास्त फेटणं या दोन्हींनी फ्रॉस्टिंग आणखी सैल होतं.

म्हणून क्रम बदला. आधी बटर आणि चाळलेली आयसिंग शुगर ३ ते ४ मिनिटं फेटा, पांढुरकं आणि हलकं होईपर्यंत. बटर बोट सहज रुतेल इतकंच मऊ हवं, साधारण १८ ते २० अंश, तकतकीत आणि वितळायला आलेलं नको. अशा बटरमध्ये साखरेचे कण स्निग्धांशानं वेढले जातात आणि त्यांना पाणी सहज सापडत नाही. क्रीम चीज फ्रिजमधून १५ ते २० मिनिटं आधी काढा, तुकडे करा आणि एकेक घालत बीटर कमी वेगावर चालवा. शेवटचा तुकडा मिसळून फ्रॉस्टिंग गुळगुळीत झालं की त्याच क्षणी थांबा. व्हॅनिला आणि मीठ क्रीम चीजच्या आधी घालून घ्या, म्हणजे शेवटी ढवळायचं निमित्त उरत नाही.

एवढं करूनही सैल झालंच तर भांडं झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढून उलथन्यानं हलक्या हातानं हलवा. बऱ्याचदा एवढं पुरतं, कारण बटर पुन्हा घट्ट होतं. तरीही ओघळत असेल तर ५० ते ७५ ग्रॅम मऊ बटर वेगळं फेटून त्यात मिसळा आणि परत थंड करा. फाटून पाणी सुटलं असेल आणि कण दिसत असतील तर ते पूर्ववत होत नाही. अशा वेळी थर न रचता केकचे तुकडे करून त्यावर ते ओतून वाढा, चव उत्तमच असते.

फ्रॉस्टिंगमध्ये गुठळ्या राहतात त्या कशाच्या?

पांढऱ्या, मऊ गुठळ्या थंड क्रीम चीजच्या किंवा गार पडून पुन्हा घट्ट झालेल्या बटरच्या असतात. खरखरीत कण न चाळलेल्या साखरेचे. घरी मिक्सरवर दळलेली साखर कितीही बारीक वाटली तरी जिभेला कणी लागते, ती दोनदा चाळून घ्या.

क्रीम चीज कोणत्या प्रकारचं घ्यावं?

पूर्ण स्निग्धांशाचं, वडीच्या रूपातलं. डब्यात मिळणारं पावाला लावायचं क्रीम चीज मऊ राहावं म्हणून वेगळ्या पद्धतीनं केलेलं असतं आणि त्याचं फ्रॉस्टिंग उभं राहत नाही. तेच हाती असेल तर मलमलच्या कापडात बांधून फ्रिजमध्ये रात्रभर निथळत ठेवा. कमी चरबीचं तर या कामाला घेऊच नका.

क्रीम चीजऐवजी दुसरं काही?

मस्कारपोने हे मऊ, सायीचं इटालियन चीज जवळचं आहे, पण त्यात आंबटपणा नसल्यानं छोटा चमचाभर लिंबाचा रस लागतो आणि ते जास्त फेटलं तर चटकन फाटतं. निथळलेल्या घट्ट दह्यात साखर घातली की ते सैल होतं, म्हणून ते थरांमध्ये भरायला न घेता वाढताना बाजूला ठेवा.

गोड कमी करता येईल?

हो, आणि करावंच. साखर २५० ग्रॅमपर्यंत उतरवली तरी फ्रॉस्टिंग उभं राहतं, कारण त्याचा ताठपणा मुख्यतः गार बटरमधून येतो. किंचित जास्त मीठ आणि लिंबाची किसलेली साल घातली तरीही गोडवा कमी जाणवतो. केकमधली साखर मात्र फार कमी करू नका, तिथे ओलावा आणि मऊपणा तिच्याच जिवावर आहे.

थर रचताना घसरतात. काड्या टोचाव्या का?

दोन-तीन थरांना काड्यांची गरज नसते. घसरण्याचं कारण जवळजवळ नेहमी उष्णता हेच असतं. केक आतून जरासा कोमट असला तरी फ्रॉस्टिंगमधलं बटर वितळतं. भाजलेले थर गार करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. थंड थर कापायला सोपे, त्यांचा चुरा कमी पडतो आणि मसालेही तोवर मुरतात.

दोन थरांमध्ये साधारण अर्धा ते पाऊण सेंमी जाडीचं फ्रॉस्टिंग पुरे. शेवटचा थर उलटा ठेवा, म्हणजे टिनच्या तळाची सपाट बाजू वर येते. मग सगळीकडून फ्रॉस्टिंगचा अगदी पातळ हात फिरवा. यालाच क्रम्ब कोट म्हणतात, केकचा चुरा त्यात अडकतो आणि बाहेरचा थर स्वच्छ राहतो. अर्धा तास फ्रिज, आणि मग उरलेलं फ्रॉस्टिंग. नोझलनं साधी वळणं किंवा ठिपके छान निघतात. टोकदार पाकळ्यांची फुलं काढण्याइतकं हे फ्रॉस्टिंग ताठ नसतं. मला तर पॅलेट नाईफच्या उलट्या बाजूनं ओढलेल्या लाटाच या केकवर शोभतात.

अक्रोड, मनुका घालाव्या का?

१०० ग्रॅमपर्यंत घाला. अक्रोड १७५ अंशावर ७-८ मिनिटं भाजून, गार करून मगच मिसळा. कच्चा अक्रोड केकमध्ये ओलसर आणि तुरट लागतो. मनुका कोमट पाण्यात भिजवून पुसून घ्या, नाहीतर त्या केकमधलं पाणी शोषतात.

किती आधी करून ठेवता येतो आणि किती टिकतो?

न सजवलेले थर नीट गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये किंवा दोन महिने फ्रीझरमध्ये ठेवता येतात. फ्रॉस्टिंग दोन दिवस आधी करून झाकून ठेवा, वापरण्याआधी हातानं हलवा. पूर्ण तयार केक फ्रिजमध्ये ४ दिवस छान राहतो. झाकण हवंच, क्रीम चीज फ्रिजमधले वास फार पटकन ओढून घेतं. बाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एका तासाच्या आत परत आत.

वाढण्याआधी किती वेळ बाहेर काढायचा?

३० ते ४० मिनिटं. तेवढ्यात केक मऊ होतो, मसाल्याचा सुगंध परत येतो आणि फ्रॉस्टिंग अजून आकार धरून असतं. कापायचा मात्र फ्रिजमधून काढल्या काढल्या, थंड असतानाच. लांब सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, एका दाबात खाली न्या आणि बाजूनं ओढून काढा. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा, नाहीतर पांढऱ्या फ्रॉस्टिंगवर तपकिरी चुऱ्याचे डाग पडतात. तुकडे ताटलीत मांडून ठेवा आणि मग ती ३० मिनिटं जाऊ द्या.